पार्टी बांधताना टर्नचा हिशेब

फँटसी रोल-प्लेइंग गेम नव्याने हाती घेतलेला माणूस बहुतेक वेळा पहिल्या लढाईच्या आधीच अडतो. बेल्जियमच्या लारियन स्टुडिओजने ऑगस्ट २०२३मध्ये आणलेला ‘बॉल्डर्स गेट ३’ हा गेम घ्या. सुरुवातीलाच बारा क्लास समोर उभे राहतात: फायटर, बार्बेरियन, पॅलाडिन, रेंजर, मंक, रोग, बार्ड, क्लेरिक, ड्रुइड, विझर्ड, सॉर्सरर आणि वॉरलॉक. त्यातला एक स्वतःसाठी घ्यायचा आणि पुढे वाटेत भेटणाऱ्या साथीदारांतून तिघांना निवडून चौघांची पार्टी करायची. नवखा खेळाडू इथे साहजिकच प्रत्येकाचं वेगवेगळं मोजमाप करतो. कोणाचा घाव जड, कोणाचे हिट पॉइंट जास्त, कोणाचा मंत्र दिसायला जबरदस्त, असं बघून तो चार तगडी पात्रं गोळा करतो आणि तरीही मधल्याच एखाद्या लढाईत पुन्हा पुन्हा मार खातो. याचं कारण त्याच्या मोजमापातच आहे. अशा गेममधली लढाई टर्नवर चालते. आपल्या चौघांना मिळून एका फेरीत चार टर्न मिळतात, शत्रूंना त्यांच्या संख्येइतके. चांगली पार्टी म्हणजे जिथे एकाच्या टर्नमुळे दुसऱ्याच्या टर्नची किंमत वाढते आणि शत्रूच्या टर्नची कमी होते. नवख्याला जे जे सल्ले मिळतात ते या एका कसोटीवर घासून पाहिले, तर कोणता धरायचा आणि कोणता सोडायचा हे त्याचं त्यालाच कळू लागतं.

आधी टर्न म्हणजे काय ते नीट पाहू. ‘बॉल्डर्स गेट ३’चे नियम ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावर बसून खेळायच्या गेमच्या पाचव्या आवृत्तीवर बेतलेले आहेत. प्रत्येक पात्राला आपल्या टर्नमध्ये साधारणपणे एक ॲक्शन, एक बोनस ॲक्शन आणि ठरावीक अंतर चालण्याची मुभा मिळते. या गेममधला शत्रू जखमांनी अशक्त होत नाही. तीस हिट पॉइंटचा शत्रू एका हिट पॉइंटवर आला तरी तितक्याच जोराने मारतो आणि शून्यावर आला की मगच थांबतो. आता समजा समोर चार सारखे शत्रू आहेत आणि आपले चौघे मिळून एका फेरीत एका शत्रूला पुरेल इतकाच मार देऊ शकतात. पहिला टर्न आपला असेल आणि सगळ्यांनी एकावरच हल्ला केला, तर पहिल्या फेरीनंतर तीन शत्रू मारतील, दुसऱ्या फेरीनंतर दोन, तिसऱ्या फेरीनंतर एक. म्हणजे आपल्याला एकूण सहा हल्ले झेलावे लागतील. तेच चौघांनी एकेक शत्रू वाटून घेतला, तर पहिल्या तिन्ही फेऱ्यांत चारही शत्रू उभेच राहतील आणि आपल्यावर बारा हल्ले होतील. पार्टी तीच, मारही तितकाच, पण सोसायचं ते दुप्पट. म्हणून पार्टी निवडताना पहिला प्रश्न असा विचारावा की हे चौघे एकाच शत्रूपर्यंत एकाच फेरीत पोहोचू शकतात का. चारही जण तलवारवाले असतील आणि तिरंदाज उंच कड्यावर उभा असेल, तर दोघा-तिघांचा टर्न नुसता चालण्यात जातो. म्हणून दोन लांबून मारणारे आणि दोन जवळून लढणारे ही वाटणी नवख्याला बहुतेक ठिकाणी पुरते.

दुसऱ्याच्या टर्नची किंमत वाढवणं म्हणजे काय, ते ‘ब्लेस’ या साध्या मंत्राच्या हिशेबातून स्पष्ट होतं. क्लेरिकला हा मंत्र पहिल्या लेव्हललाच मिळतो. तो तिघांवर टाकता येतो आणि टिकून असेपर्यंत त्यांच्या हल्ल्याच्या प्रत्येक फाशात एका चौफाशाची, म्हणजे चार बाजूंच्या फाशाची, भर घालतो. हल्ला लागतो की नाही हे वीस बाजूंच्या फाशावर ठरतं: फाशाचा आकडा अधिक आपला बोनस ही बेरीज शत्रूच्या आर्मर क्लासइतकी किंवा त्याहून जास्त भरली पाहिजे. आपला बोनस ५ आणि शत्रूचा आर्मर क्लास १५ असेल, तर फाशावर १० किंवा अधिक यायला हवेत, म्हणजे हल्ला लागण्याची शक्यता ५५ टक्के. ब्लेसमुळे ती सरासरी साडेसदुसष्ट टक्क्यांवर जाते. वाढ साडेबारा टक्क्यांचीच, म्हणून नवखा खेळाडू या मंत्राकडे वळूनही बघत नाही आणि क्लेरिकच्या हातात गदा देऊन तिला मारायला पुढे पाठवतो. पण ही वाढ तिघांना मिळते. तिघांनी एका फेरीत एकेक हल्ला केला, तर सरासरी ०.३७५ जास्तीचे घाव लागतात आणि दोन फेऱ्यांत ०.७५. क्लेरिकने तोच टर्न स्वतः गदा मारण्यात घालवला असता, तर सरासरी ०.५५ घाव लागला असता. म्हणजे दुसरी फेरी संपेपर्यंत ब्लेसने आपली किंमत वसूल केलेली असते आणि पुढचं सगळं नफ्यात. शिवाय शत्रूच्या मंत्रांपासून वाचण्यासाठी टाकायच्या फाशांतही तोच चौफासा मिळतो. अंगावर चिलखत असलेली ही क्लेरिक स्वतः एकही घाव न घालता पार्टीतली सगळ्यात मोलाची योद्धा ठरते, ती अशी.

यापुढची पायरी म्हणजे दोन टर्न एकमेकांत गुंफणं. विझर्ड आणि क्लेरिक दोघांनाही ‘होल्ड पर्सन’ हा दुसऱ्या पातळीचा मंत्र घेता येतो. तो माणसासारख्या शत्रूला जागीच गोठवतो. अशा शत्रूचे टर्न तर जातातच, पण तीन मीटरच्या आतून त्याच्यावर लागलेला प्रत्येक घाव क्रिटिकल ठरतो, म्हणजे माराचे फासे दुप्पट होतात. शेजारी मोठी दोन हाती तलवार घेतलेला पॅलाडिन उभा आहे असं धरा. एरवी तलवारीचे दोन सहाफासे, ‘डिव्हाइन स्माइट’चे दोन आठफासे आणि ताकदीचा ३ बोनस मिळून त्याचा घाव सरासरी १९चा. गोठलेल्या शत्रूवर तोच घाव सरासरी ३५चा होतो. दुसरं उदाहरण पाण्याचं. क्लेरिक किंवा ड्रुइडने ‘क्रिएट वॉटर’ने शत्रूंना भिजवलं, तर या गेममध्ये विजेचा आणि थंडीचा मार त्यांना दुप्पट बसतो, त्यांच्यावर आगीचा मंत्र टाकणाऱ्याचा मात्र टर्न अर्धा वाया जातो, कारण ओल्या अंगाला आग कमी लागते. कबड्डीत कोपऱ्यावरच्या खेळाडूने चढाईपटूचा घोटा धरला की मधल्यांनी त्याच क्षणी झडप घालायची असते. नुसता घोटा धरून गुण मिळवणं अवघड असतं आणि घोटा सुटा असताना झडप घालणाराच बाद होऊ शकतो. पार्टीतले मंत्र आणि तलवारी यांचं नातं तसंच आहे. त्यामुळे एखादा क्लास चांगला की वाईट हे तो एकटा समोर ठेवून ठरवताच येत नाही. त्याच्या शेजारी कोण आहे हे आधी बघावं लागतं.

या जोडणीला गेमने एक लगाम घातला आहे, एकाग्रतेचा. ब्लेस, होल्ड पर्सन, हेस्ट यांसारखे टिकून राहणारे मंत्र चालू ठेवायला एकाग्रता लागते आणि एका पात्राला एका वेळी असा एकच मंत्र सांभाळता येतो. दुसरा टाकला की पहिला विझतो. मंत्र सांभाळणाऱ्याला मार बसला तर त्याला काटकतेचा फासा टाकावा लागतो आणि तो चुकला की मंत्र तुटतो. यातून तीन गोष्टी सरळ निघतात. एक, पार्टीत एकाग्रता लावू शकणारी निदान दोन पात्रं असावीत, म्हणजे ब्लेस चालू असतानाच होल्ड पर्सनही टाकता येईल. दोन, चौघांचे मंत्र निवडताना एकाच पात्राकडे एकाग्रतेचे पाच मंत्र साठवू नयेत. त्यातले चार नुसते पडून राहतात. तीन, मंत्र सांभाळणाऱ्याचा काटकता हा गुण १४ किंवा १५ असू द्यावा आणि त्याला मागे, आडोशाला उभं करावं. गुणांची वाटणी आकर्षक दिसावी म्हणून काटकता ८वर ठेवलेला विझर्ड पहिल्याच बाणाने मंत्र गमावू शकतो, आणि त्याच्याबरोबर पॅलाडिनचा क्रिटिकल घावही जातो.

गुणांच्या वाटणीतही हेच तत्त्व लावायचं. प्रत्येक क्लासचं काम मुख्यतः एका गुणावर चालतं आणि तो गुण सुरुवातीला १६ किंवा १७ असावा, कारण १०च्या वर दर दोन गुणांमागे बोनस एकाने वाढतो. हे दुर्लक्षिलं तर काय होतं, ते शॅडोहार्टकडे पाहून कळतं. ही क्लेरिक अगदी सुरुवातीला साथीला येते. तिच्याकडे ‘फायर बोल्ट’ हा आगीचा छोटा मंत्र असतो आणि तो फुकटात कितीही वेळा टाकता येतो, म्हणून नवखा खेळाडू तिच्याकडून तोच टाकून घेतो. पण हा मंत्र तिला तिच्या वंशामुळे मिळालेला आहे आणि तो बुद्धीवर चालतो. तिची बुद्धी १०, म्हणजे बोनस शून्य. प्रावीण्याच्या बोनसचे २ तेवढे मिळतात. आर्मर क्लास १५च्या शत्रूवर तिचा नेम ४० टक्के वेळाच लागतो. तोच मंत्र बुद्धी १७ असलेल्या गेल या विझर्डने टाकला तर ५५ टक्के. शॅडोहार्टचं बळ तिच्या शहाणपणात आहे, तो गुण १७ आहे आणि क्लेरिकचे मंत्र त्याच्यावर चालतात. तिच्या हातून हुकणारे आगीचे गोळे पाहून क्लेरिक हा क्लासच कुचकामी असा निष्कर्ष काढणं अन्यायाचं ठरतं. तिला दिलेलं कामच तिचं नसतं.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप जुन्या जाणत्यांचा असतो: एक फायटर, एक विझर्ड, एक क्लेरिक आणि एक चोर हे सूत्र पन्नास वर्षं चालत आलं आहे, मग एवढा हिशेब कशाला? या सूत्राला इतिहास आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला तेव्हा त्यात तीनच क्लास होते: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक. चोर १९७५च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीतून आला. हे चार क्लास म्हणजे त्या गेममधल्या तळघरांनी विचारलेल्या चार प्रश्नांची उत्तरं होती: शत्रूला दारातच कोण अडवणार, घोळक्याला कोण उडवणार, पडलेल्याला कोण उठवणार, सापळे आणि कुलपं कोण काढणार. प्रश्न आजही बरेचसे तेच आहेत, पण त्यांची उत्तरं एकेका क्लासपुरती बंदिस्त राहिलेली नाहीत. ‘बॉल्डर्स गेट ३’मध्ये कुलूप उघडायला हातचलाखीचं प्रावीण्य आणि चपळाई लागते. ती रोगकडे असते, तशी ‘अर्चिन’ ही पार्श्वभूमी घेतलेल्या रेंजरकडे किंवा बार्डकडेही असू शकते. गोड बोलून काम काढायला करिष्मा लागतो आणि तो बार्ड, पॅलाडिन, सॉर्सरर, वॉरलॉक या चौघांच्याही मुळाशी आहे. म्हणून यादी क्लासची न करता कामांची करावी आणि प्रत्येक कामासमोर एक नाव लिहावं. एकाच नावासमोर दोन कामं आली तर उत्तमच. एखादं काम कोणाच्याच नावावर नसेल तर तिथे पार्टी अडकणार हे आधीच कळतं.

दुसरा आक्षेप हीलरबद्दल आहे. जखमा भरणारा एक माणूस पार्टीत हवाच आणि त्याने तेच काम करत राहावं, असा सल्ला नवख्याला हमखास मिळतो. टर्नच्या हिशेबात तो अर्धाच खरा ठरतो. पहिल्या पातळीचा ‘क्युअर वून्ड्स’ मंत्र एका आठफाशाइतके आणि वर बोनस ३ असे सरासरी साडेसात हिट पॉइंट देतो आणि त्यासाठी अख्खी ॲक्शन घेतो. त्यातून शत्रूच्या फार तर एका घावाची भरपाई होते. तीच ॲक्शन शत्रूला पाडण्यात किंवा गोठवण्यात गेली तर त्याचे पुढचे सगळे घाव टळतात. मात्र साथीदार शून्य हिट पॉइंटवर पडला की गणित उलटतं. पडलेल्याचे पुढचे टर्न आपण गमावणार असतो आणि ‘हीलिंग वर्ड’ हा मंत्र त्याला लांबूनच उठवतो, तेही बोनस ॲक्शनमध्ये. चार-पाच हिट पॉइंट घेऊन उठलेला माणूसही पूर्ण टर्न खेळतो. शिवाय या गेममध्ये औषधाची बाटली पिणं हीसुद्धा बोनस ॲक्शनच आहे, त्यामुळे किरकोळ मलमपट्टी ज्याची त्याने करावी. पार्टीत हीलिंग असावं, पण ते पडलेल्याला उभं करण्यासाठी राखून ठेवावं. क्लेरिकची ॲक्शन ब्लेससारख्या कामांसाठी मोकळी राहिली, की त्या क्लासचा कस दिसतो.

तिसरा आक्षेप याच्या नेमका विरुद्ध आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा: मारणंच जर एवढं मोलाचं, तर चार बार्बेरियन का घेऊ नयेत? सोप्या पातळीवर अशी पार्टी खरोखर चालते, कारण शत्रूंना टर्न मिळायच्या आतच ते संपतात. पण तिचं यश एका अटीवर उभं आहे: चौघेही नेहमी शत्रूपर्यंत पोहोचले पाहिजेत आणि चौघांचेही टर्न शाबूत राहिले पाहिजेत. बार्बेरियन संतापात असताना मंत्र टाकू शकत नाही आणि एकाग्रताही सांभाळू शकत नाही. मनावर चालणाऱ्या मंत्रांपासून वाचायला जे शहाणपण लागतं, त्यात त्याला प्रावीण्य नसतं. म्हणजे शत्रूकडच्या एका जादूगाराने होल्ड पर्सन टाकला, तर आपण दुसऱ्यांवर करतो तेच आपल्यावर उलटतं, आणि तो मंत्र तोडायला लांबून नेमका त्या जादूगारावर मारणारा आपल्याकडे सहसा कोणी नसतो. एकाच घडणीच्या चौघांची कमजोरीही एकच असते आणि शत्रूला ती एकदाच सापडावी लागते. वेगळेपणाचा खरा फायदा इथे आहे: एकाचा टर्न बंद पडला तरी दुसऱ्याचा चालू राहतो.

चौथा आक्षेप असा की हे सगळं एका गेमपुरतं आहे. उदाहरणं एका गेमची आहेत हे खरं, पण दुसऱ्या गेममध्ये निष्कर्ष बदलला तरी कसोटी बदलत नाही. १९८१च्या ‘विझर्ड्री’त पार्टी सहा जणांची होती आणि जवळचं शस्त्र चालवता येत होतं ते फक्त पुढच्या तिघांना. तिथे चौथा लढवय्या घेणं म्हणजे दर फेरीत एक टर्न वाया घालवणं. मागच्या तिन्ही जागा मंत्रवाल्यांच्याच. लारियनच्याच २०१७च्या ‘डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २’मध्ये शत्रूला दोन वेगळी कवचं असतात, एक शस्त्रांविरुद्ध आणि एक जादूविरुद्ध. शस्त्रांविरुद्धचं कवच संपेपर्यंत त्याला जमिनीवर लोळवता येत नाही आणि जादूचं संपेपर्यंत जादूने स्तब्ध करता येत नाही. तिथे दोन तलवारवाले आणि दोन जादूगार अशी ‘संतुलित’ पार्टी दोन वेगळ्या भिंती फोडत बसते, त्यामुळे चौघांचाही मार एकाच प्रकारचा ठेवणं अनेकदा सरस ठरतं. एका गेममध्ये विविधता जिंकते, दुसऱ्यात एकजिनसीपणा; दोन्हीकडे कारण एकच, एकाचा टर्न दुसऱ्याच्या उपयोगी पडतो की नाही. म्हणून नव्या गेममध्ये शिरताना कोणाची तयार यादी घेण्याआधी त्या गेमचा एक नियम शोधावा: शत्रूचा टर्न इथे कशाने बंद होतो? पार्टी त्या नियमाभोवती बांधावी.

शेवटचा आक्षेप मनापासूनचा असतो. रोल-प्लेइंग गेम ही गोष्ट आहे. साथीदारांपैकी मला कारलाख आवडते, ॲस्टेरियनचं पुढे काय होतं ते बघायचं आहे, मग आकड्यांसाठी त्यांना पार्टीबाहेर छावणीत का बसवू? बसवू नये. हे गेम लोकांना वर्षानुवर्षं धरून ठेवतात ते पात्रांच्या जोरावर, आणि पार्टीचा हिशेब त्या ओढीवर स्वार होता कामा नये. सुदैवाने ‘बॉल्डर्स गेट ३’मध्ये ही निवड करावीच लागत नाही. किनाऱ्याजवळच्या पडक्या वास्तूखालच्या तळघरात विदर्स नावाचा एक जण भेटतो. तिथे तो राहून गेला तरी पुढे छावणीत येतोच. शंभर सोन्याची नाणी घेऊन तो कोणत्याही साथीदाराचा क्लास आणि गुणांची वाटणी बदलून देतो, आणि त्या साथीदाराची गोष्ट जशीच्या तशी राहते. म्हणजे सोबत कोण हवं ते मनाने ठरवावं आणि कोणी काय करायचं ते हिशेबाने. बदल एवढा स्वस्त असेल तर आधी विचार कशाला, असंही कोणी म्हणेल. पण बदलायचं काय हे कळल्याशिवाय स्वस्त बदलही हातचा जातो. लढाई हरल्यावर कोणाचा टर्न वाया गेला हे ज्याला दिसत नाही, तो शंभर नाणी देऊन एक चूक काढतो आणि दुसरी घालतो.

तेव्हा पहिल्या खेळासाठी एक पार्टी सुचवायची तर ती अशी: आपण स्वतः पॅलाडिन, कारण तो पुढे उभा राहतो आणि त्याच्या करिष्म्यामुळे संभाषणांतही तोच उपयोगी पडतो, ब्लेस आणि हीलिंग वर्डसाठी क्लेरिक शॅडोहार्ट, होल्ड पर्सन आणि पाचव्या लेव्हलपासून फायरबॉलसाठी विझर्ड गेल, कुलपं, सापळे आणि लांबून नेमका घाव यासाठी रोग ॲस्टेरियन. ही यादी अंतिम नाही आणि तशी मानूही नये. दोन-तीन लढाया झाल्या की प्रत्येकाच्या नावासमोर एवढंच तपासावं: गेल्या लढाईत याच्यामुळे दुसऱ्या कोणाचं काम सोपं झालं का, आणि याने शत्रूचा एखादा टर्न हिरावला का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल, तर आधी त्याचे मंत्र बदलून पाहावेत, मग शस्त्र, मग उभं राहण्याची जागा, आणि सगळ्यात शेवटी क्लास. असं तपासत गेलेला खेळाडू पाच-सहा लेव्हलपर्यंत कोणाच्याही यादीवाचून पार्टी बांधू लागतो, आणि एखादी लढाई हरला तरी ती का हरला हे त्याला नेमकं सांगता येतं.